तवा घेऊन गॅस घ्यायला

नव्वदच्या दशकात मुरबाडला आमचा गॅसचा नंबर लागला. एजन्सीवाला म्हणाला, शेगडी, लायटर, सगळं आमच्याकडूनच घ्या, एकत्र स्वस्त पडतं. सासूबाई म्हणाल्या, "घे गो, डोक्याला ताप नको."

मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी चुलीवरचा तांदळाच्या भाकरीचा तवा घासून पिशवीत घातला आणि एजन्सीत जाऊन त्यांच्या शेगडीवर ठेवला. तो थेट दुसऱ्या बर्नरवर गेला. म्हणजे भाकऱ्या होईपर्यंत कालवण बंद.

एजन्सीवाला हसला. "वहिनी, तवा लहान घ्या ना."

"मग घरातली माणसं पण कमी करू का?" मी तवा उचलला.

तोच तवा घेऊन शहापूरची तीन दुकानं पालथी घातली. तवा मावेल अशी ऐसपैस शेगडी मिळाली, पण महाग. ती एजन्सीच्या काउंटरवर आदळली आणि म्हटलं, "आता नुसता सिलिंडर द्या." कुरकुरत दिला.

समोरच्या घरात सगळं एकत्र, स्वस्तात आलं होतं. त्या शेगडीवर चहा व्हायचा. भाकऱ्यांसाठी तिथली बाई पुढेही वर्षानुवर्षं रानातून लाकडाचा भारा आणत राहिली.