पाहू, कळवतो

दिग्रसच्या बसस्टँडसमोर दुपारी चारला पुण्याची ट्रॅव्हल्स लागते. मागच्या जूनमध्ये तिच्या पायरीवर एक पाय ठेवून मी उभी होते: वय वर्षे सेहेचाळीस, एमबीएची विद्यार्थिनी, पाठीवर लेकीची जुनी सॅक. खाली निरोपाला दोन माणसं. एक आमचे हे, चेहरा असा की जणू पोटच्या पोरीची पाठवणी चालली आहे. दुसऱ्या सासूबाई. त्या येणारच नव्हत्या, आणि आमच्या आधी येऊन बाकावर बसल्या होत्या.

"मी पाहू म्हटलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो आई," मी म्हटलं, "म्हणूनच तर चालली."

आता ज्यांना आमच्याकडचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे 'पाहू' म्हणजे नाही. मुलगी पाहायला आलेली मंडळी पोहे खातात, चहा पितात, पोरीच्या हस्ताक्षराचंही कौतुक करतात आणि उठताना म्हणतात, "पाहू, कळवतो." मग कोणी काही कळवत नाही, आणि कोणी वाटही बघत नाही. सहा महिन्यांनी दोन्ही घरच्या बाया भाजीबाजारात भेटतात आणि वांग्याच्या भावावर प्रेमाने बोलतात. तोंडावर नाही म्हणणं हा आमच्याकडे अपमान. नाही ऐकूनही न दुखावणं, ही रीत.

लेक शिकायला नागपूरला गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा मी यवतमाळच्या कॉलेजात एमबीएला नाव घातलं. एसटीने जाऊन-येऊन पहिलं वर्ष काढलं. दुसरं सगळं वर्ष कंपनीत काढायचं होतं, एचआर विभागात, आणि कंपनी मिळाली पुण्याजवळ चाकणला. घरी विचारलं तेव्हा हे म्हणाले, "आईले विचार." आई म्हणाल्या, "पाहू." मला अर्थ अगदी नीट समजला. तेवीस वर्षं त्या घरात काढली होती. पण मी कधी नव्हे ते भोळा चेहरा केला, 'पाहू' या शब्दाला शब्दशः धरलं आणि तिकीट काढलं. म्हणजे माझं ते वर्ष न मिळालेल्या परवानगीवर उभं होतं. काही चुकलं असतं, कंपनीने परत पाठवलं असतं, तर घरी कोणी एक शब्द बोललं नसतं. त्या न बोलण्याचीच मला धास्ती होती.

कंपनी गाड्यांच्या सीटा बनवायची. माझी साहेब ऋचा मॅडम, वय एकोणतीस. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं की इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, आणि लगेच हाक मारली, "वंदना." मी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. घरी मी सूनबाई, वहिनी, मम्मी. वंदना नावाची बाई मला बरीच वर्षं भेटली नव्हती.

दुसऱ्या महिन्यात मला फोनचं काम मिळालं. व्हिडिओवर मुलाखती झाल्या होत्या. एक्सेलमध्ये हिरव्या ओळी घेतलेल्यांच्या, लाल ओळी न घेतलेल्यांच्या. लाल ओळींना मी फोन करायचा. मी केले, आणि काय केले म्हणता! प्रत्येकाची विचारपूस केली, छान बोललास म्हटलं आणि शेवटी आवाज मऊ करून, "पाहू, कळवतो." चौघापाच जणांनी विचारलं, "मग सोमवारी यायचं का मॅडम?" आता पोराच्या आवाजात एवढी आशा असताना कसं सांगायचं? मी म्हटलं, "पाहू ना, सोमवार तर आहेच."

सोमवारी लाल ओळींतली चार माणसं गेटवर हजर. हातात कागदपत्रांच्या फायली, एकाच्या खांद्याला डब्याची पिशवी.

ऋचा मॅडमने मला बोलावलं. तिने आवाज चढवला नाही. तुम्ही यांना नाही म्हणाला नव्हता का, असं विचारलं. मी म्हटलं, म्हटलं की, आमच्याकडे असंच म्हणतात. तिने गेटवरच्या चौघांची नावं माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाली, ज्यांना तुम्ही बोलावलं त्यांना तुम्हीच जाऊन सांगा, आणि परत असं झालं तर मला कॉलेजला कळवावं लागेल. तिचं कळवणं खरोखरचं कळवणं होतं.

मी गेटवर गेले. पहिला हसला आणि गेला. दुसऱ्याने माझ्याकडे न बघता फाईल पिशवीत कोंबली. तिसरा चिडला, सुट्टी टाकून आलो, एक फोन करून सरळ सांगता येत नव्हतं का, म्हणाला. त्याचं एकही अक्षर खोटं नव्हतं. मी मान खाली घालून ऐकलं. चौथी एक मुलगी होती, बावीस-तेवीसची. बाजूला पत्र्याची पेटी आणि चादरीचं गाठोडं. प्रणाली, मारेगावची.

मारेगाव ऐकल्यावर मी थबकले. "अगं, तू तर आपल्याकडची. तुला माझं बोलणं समजलं नाही?"

"समजलं ना काकू. पाहू म्हणजे नाही."

"मग आली काहून?"

ती पेटीच्या कडीशी चाळा करत म्हणाली, "तुळशीच्या लग्नानंतर माह्या लग्नाची तारीख धरून राह्यले घरी. बाबाले म्हटलं, कंपनीची बाई काही 'नाही' म्हणली नाही. बाबानं गाडीत बसवून देलं."

मी गेटच्या कठड्याला टेकले. ही माझीच वही कॉपी करून आली होती. तिला आत घेणं माझ्या हातात नव्हतं. पुन्हा एकदा 'पाहू' म्हणणं हातात होतं, आणि ती त्या एका शब्दावर गेटसमोर आठवडाभर बसली असती. मला माहीत आहे, कारण मी बसले असते.

"प्रणाली," मी म्हटलं, "तुला घेतलेलं नाही. या कंपनीत तुझं काम होणार नाही."

तिचे डोळे भरले. मला वाटलं, आता हिच्या लेखी मी संपले. ती म्हणाली, "बरं. मंग दुसरीकडं पाह्यतो."

ते ऐकून माझ्याच डोळ्यांना धार लागली आणि वॉचमन दोघींसाठी पाणी घेऊन आला.

त्या दिवशी ती माझ्या खोलीवर आली. नऊ दिवस राहिली. मी तिच्याकडून मुलाखतीची तयारी करून घेतली, तिने मला एक्सेल शिकवलं. दहाव्या दिवशी पलीकडच्या रस्त्यावरच्या कंपनीत तिला पॅकिंगचं काम लागलं. तिला हवं होतं ते नव्हे, पण काम. तिच्या वडिलांचा मला फोन आला. पोरगी तिथंच राह्यते का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, हो, राहते. लग्नाच्या तारखेचं ना त्यांनी काढलं, ना मी.

मग मी नाही म्हणायला शिकले. आधी माझं नाव, मग नकार, मग कारण, आणि त्यानंतर गप्प. समोरचा बोलेपर्यंत फोन ठेवायचा नाही. कधी तो चिडतो, कधी आभार मानतो, कधी नुसता श्वास ऐकू येतो. एकदा ऋचा मॅडम मागे उभी राहून ऐकत होती.  दुसऱ्या दिवसापासून बाकीच्या विभागांच्याही लाल ओळी माझ्याकडे.

दिवाळीत घरी गेले. मिठाचा डबा जागेवर नव्हता. हळद कुठे ठेवता, असं मला माझ्याच स्वयंपाकघरात विचारावं लागलं, आणि ह्यांनी पाहुण्याला दाखवावं तसं मांडणीवर बोट दाखवलं. भात मात्र ह्यांनी सुरेख लावला होता. जेवताना मी कौतुकही पाहुणीसारखंच केलं.

या मे महिन्यात वर्ष संपलं. अहवालावर सही करताना ऋचा मॅडमने विचारलं, इथेच नोकरी करता का? त्याच आठवड्यातल्या रविवारी सासूबाईंनी फोनवर विचारलं होतं, "आता येतं ना घरी?" आणि शेकडो अनोळखी लोकांना सरळ नकार दिलेली मी म्हणाले होते, "पाहू."

आठवडाभर स्वतःची लाज वाटली. शेवटी एका संध्याकाळी फोन लावला आणि पद्धतशीर सांगितलं. "आई, मी वंदना. मी आत्ता परत येत नाही. इथे नोकरी घेते आहे. मला हे काम आवडतं." आणि गप्प राहिले.

पलीकडे पंख्याचा आवाज येत होता.

"झालं सांगून?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"एवढं कायले सांगतं बाई? मागच्या आयतवारी पाहू म्हणली, तवाच समजलं मले. आंब्याच्या रसात खायले कणकेचे सरगुंडे वाळवले तुह्यासाठी, आजच्या चारच्या गाडीत देले. सकाळी उतरवून घे. अन् त्या मारेगावच्या पोरीलेही दे."

सकाळी मी आणि प्रणाली नाक्यावर उभ्या होतो. क्लीनरने डबा काढून दिला. कापडात शिवलेला, वर कागदाची पट्टी: 'वंदना, पुणे'. अक्षर ह्यांचं, मजकूर सासूबाईंचा.

दिग्रसच्या मंडळींनो, आणि दिग्रस सोडून आलेल्यांनो, नाही म्हणायला मी पुण्यात शिकले. पण मी नुसतं 'पाहू' म्हटलं तरी ज्यांना सगळं ऐकू येतं, ती माणसं एकाच गावात आहेत. तिथून रोज दुपारी चारला गाडी सुटते.