यामिनीची हळद

पनवेल तालुक्यातल्या निम्म्या नवऱ्या आमच्या विचुंब्याच्या मामांनी नांदायला पाठवल्या, असं मी म्हटलं तर त्यांचे आईबाप रागावतील. पण खरं तेच आहे. मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. ते गायल्याशिवाय आमच्याकडे मुलीच्या अंगाला हळद लागत नसे, आणि नावं विचारल्याशिवाय मामा गात नसत. मांडवात आले की आधी पाणी नाही, चहा नाही. गाण्यात गुंफायला नवरीचं, बापाचं, आजीचं, मामाचं, गेलेल्या आजोबांचंसुद्धा नाव विचारायचे. रेशनकार्डावर नसतील इतकी नावं! एका घरात आजीचं खरं नाव कुणालाच आठवेना, तेव्हा मामांनी तिच्या माहेरी माणूस धाडून ते आणवलं. तोवर वाटीतली हळद वाळून गेली होती.

अशा माणसाला एका कॅसेटवाल्याने स्टुडिओत नेलं. हळदीच्या आठ गाण्यांचा अल्बम करायचा होता. मामा कानाला हेडफोन लावून उभे राहिले आणि गाईनात.

"नवरीचं नाव काय?"

"मामा, कुठलीही नवरी समजा," कॅसेटवाला म्हणाला.

"कुठलीही कशी? नाव नाय तं हलद कोनाला लावू?"

तासभर हेच. ढोलकीवाला पेंगायला लागला. शेवटी रेकॉर्डिंग करणाऱ्याने वैतागून आपल्या बहिणीचं नाव सांगितलं, यामिनी. मामांनी लगेच तिच्या बापाचं, आजीचं, मामाचं नाव विचारून घेतलं आणि एका दमात आठही गाणी गायली. यामिनी तेव्हा सातवीत होती.

अल्बम तुफान चालला. एसटी स्टँडसमोरच्या दुकानात कॅसेट टिकेना. कामोठ्याच्या रिक्षांत, उरणच्या होड्यांवर, जिथे जावं तिथे यामिनी. नवरी सविता असो की संगीता, मांडवात हळद यामिनीलाच लागायची आणि कुणाला काही वाटायचं नाही. मामांना तेवढं वाटायचं. मांडव दिसला की आत शिरून स्पीकरवाल्याला सांगायचे, "ही यामिनी नाय, हिचं नाव दुसरं हाय." लोक हसून त्यांना जेवायला बसवत. गायला मात्र कुणी बोलावेना. बोलवायचं कशाला? कॅसेट होतीच की. एवढं नाव झालं आणि बिचाऱ्यांचं गाणंच बंद पडलं.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. आम्ही आता खांदा कॉलनीत राहतो; सोसायटीच्या आवारात हळद, डीजे ठरलेला. तरी मी हट्टाने मामांना गायला आणलं. अंगात नवा सदरा घालून आले.

"बाय, पोरीचं नाव?"

"ईशा."

मग बापाचं, आजीचं, सगळं रीतसर विचारून झालं. मी डीजे बंद करायला लावला. मामांचा आवाज थकला होता, पण तो ऐकताच माझी आई रडायला लागली. पहिल्याच ओळीत त्यांनी ईशाचं नाव घेतलं आणि मागून पोरापोरींचा गलका झाला, "आजोबा, चुकलात! यामिनी, यामिनी!" सगळा मांडव टाळ्या वाजवत यामिनी म्हणू लागला. हे गाणं समोर बसलेल्या म्हाताऱ्याचंच आहे, हे त्यांना कुठून ठाऊक असणार?

मामा थांबले. मग माझ्याकडे बघून ओशाळं हसले आणि त्यांच्यासोबत यामिनी म्हणू लागले. मी ओरडून सगळ्यांना गप्प करायला हवं होतं. केलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

गाणं संपलं, डीजे पुन्हा सुरू झाला. मामा वाट काढत ईशापाशी गेले. तिच्या गालाला हळद लावताना तिच्या कानाशी वाकून बराच वेळ काहीतरी पुटपुटत राहिले. नंतर मी तिला विचारलं, काय म्हणत होते गं?

"गात होते, आई," ती म्हणाली. "सगळ्यांची नावं घेतली. तुझंसुद्धा."