सुतळीने बांधलेलं पत्रक

आज मतमोजणी झाली. लगेच लिहून ठेवते. नाहीतर उद्या माझं मलाच खरं वाटायचं नाही.

भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, सव्वीस वर्षं छापखान्यात जुळारी. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, छापून झालं की खिळे परत आपापल्या खणात. बोलणं जेमतेम. आमचे हे म्हणतात, "याला शब्दसुद्धा परत खणात ठेवायचे असतात!"

आमदारसाहेबांच्या पत्रकाचे खिळे मात्र कधी खणात परत गेले नाहीत. पहिल्या निवडणुकीला भाऊजींनीच जुळवलेलं: गल्लोगल्ली नळाला पाणी, नदीवर पूल, मुलींना शाळा. दुसऱ्या वेळी निरोप आला, "तेच छापा, साल बदला." तो जुळवलेला मजकूर तसाच सुतळीने बांधून छापखान्याच्या फळीवर. गेल्या महिन्यात तिसऱ्या निवडणुकीला पुन्हा तोच निरोप. भाऊजींनी साल बदललं, घरी येऊन हात धुतले आणि म्हणाले, "वहिनी, मी साहेबांविरुद्ध निवडणूक लढवतो."

छापखान्याचे मालक भडकले. "साहेब आपलं मोठं गिऱ्हाईक. हरलास तर या दारात पाऊल टाकायचं नाही!"

दुसरं कुठलंच काम येत नाही हो त्यांना. मी देवाला एवढंच म्हटलं, हे हात रिकामे ठेवू नकोस.

पहिलं पत्रक माझ्या डब्यांखाली अंथरलेलं सापडलं, तेलाचे डाग पडलेलं. दुसरं आणि तिसरं त्यांच्या ट्रंकेत. तिन्ही एका फळ्यावर शेजारी शेजारी चिकटवून भाऊजी रोज सकाळी कोरड्या नळापाशी उभे. म्हणायचे एकच, "वाचा."

"अहो, भाषण तरी ठोका!" शेजारीणबाई म्हणाल्या.

"साहेबांनी ठोकलंय. तीनदा."

बायका खो खो हसल्या. वाचता न येणाऱ्यांना मी वाचून दाखवायची. तिसऱ्या पत्रकाशी आले की पुढचं त्याच घडाघडा म्हणायच्या.

साहेबांनी एकदा मोटार थांबवून टोमणा मारला, "बघू, खिळे वेचणारा मतं किती वेचतो!"

आज दुपारी साहेब भाऊजींपुढे दोनशे सात मतांनी पडले. मोटारी त्यांच्याकडे, माणसं त्यांच्याकडे. इकडे एक फळा. देवा, घडी घातलेल्या कागदात एवढं बळ असतं? त्यातला एक कागद मीही टाकला होता.

भाऊजी हारासकट थेट छापखान्यात. मी आणि हे मागोमाग. मालक खुर्चीतून उठले. "या, या साहेब!"

"साहेब नका म्हणू, मालक. ते बांधलेलं तेवढं द्या."

सुतळी सोडली. एकेक खिळा, न बघता, आपल्या खणात. टक्, टक्. मग मोठ्या खिळ्यांत तीनच ओळी नव्याने जुळवल्या: पाणी, पूल, शाळा. त्याच सुतळीने बांधून माझ्यापुढे धरल्या.

"वहिनी, तुमच्या डब्यांच्या फळीवर ठेवा. नळाला पाणी आलं की पहिली ओळ सोडायची. तोवर रोज मला दिसू दे."

फळीवर ठेवलंय. तीनच ओळी, पण दोन्ही हातांनी उचलाव्या लागल्या.