उडू नये म्हणून शिवलेला फ्रॉक

वसमतच्या स्टँडवर हैदराबादची गाडी लागली तेव्हा आबा गाडीच्या टायरकडे बघत उभे होते आणि माय माझ्या बॅगेची चेन तपासत होती. चेन चांगली होती, तरी तिनं ती पुन्हा उघडून लावली. आबा शेवटी बोलले तेही माझ्याकडे न बघताच. "एक हंगाम जाऊन बघ. ठेवून घेतलं तं ठीक, न्हाई तं सरळ घरी ये. स्थळ थांबून राहिलंय." गाडी हलायला लागली तशी माय खिडकीपाशी आली आणि म्हणाली, "शारदे, ठेवून घेतील असं काम कर." मला रडू आलं होतं, पण मी ते गिळलं, कारण एकदा रडले असते तर उतरलेच असते.

गावाकडच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारख्या गाशा गुंडाळून लांब गेलेल्या पोरींनो, तुम्हा दोघांसाठी हे लिहितेय. आपल्या गावात, कुरुंद्यात, अजून विचारतात म्हणे, "शारदा तिकडं काय शिवते, ब्लाउज?" नाही बाबांनो. मी इंग्लंडात, ब्रिस्टल नावाच्या शहरात, बॅले नाचणाऱ्यांचे कपडे शिवते. हे ऐकून आमच्या चुलत्यांनी "नाचणाऱ्यांचे?" एवढंच विचारलं होतं आणि चहा अर्धा ठेवून उठले होते.

शिवण मी मायच्या मशीनवर शिकले. ती वर्षभर गावातल्या बायकांचे ब्लाउज आणि पोरींचे परकर शिवायची, आणि पोळा जवळ आला की बैलांच्या झुली. लाल-हिरवं कापड, आरसे, गोंडे, आणि काठाला कवड्या. कवड्या नुसत्या शोभेला नसायच्या. "काठ जड पाहिजे. झूल उडली की बैल बुजतो," असं माय सांगायची. आमचे परकर शिवतानाही खालची दुमड जाड घ्यायची, कारण वाऱ्यानं परकर उडाला तर बुजायला अख्खं गाव होतंच. पुढं नांदेडला शिवणाचा कोर्स केला, पुण्यात नाटकांचे कपडे शिवले, आणि तिथून इथल्या एका नाट्यगृहाच्या शिवणघरानं एका हंगामापुरतं बोलावलं. वसमतहून हैदराबादची गाडी धरली ती इकडच्या विमानासाठीच. पहिल्या प्रयोगानंतर ठरवणार होते, ठेवायचं की निरोप द्यायचा. निरोप म्हणजे व्हिसा संपला, आणि तिकडं स्थळ तर थांबलेलंच.

त्या हंगामातला बॅले शंभर वर्षांपूर्वीच्या जॅझच्या दिवसांवर होता. त्या काळाची चित्रं आणि जुने फोटो भिंतीवर लावलेले होते आणि मी डबा खाता खाता ते बघत बसायची. बायकांनी पोट आवळणारी कॉर्सेट काढून टाकली होती. कपड्याची कमर होती तिथून उतरून कुल्ल्यावर आली, फ्रॉक गुडघ्यापर्यंत वर गेला, केस कापले गेले, आणि सगळं कापड खांद्यावरून सरळ खाली सोडलं. बॅलेवाल्यांनाही तेच वारं लागलं. जाळीच्या ताठ घागऱ्या बाजूला ठेवून ते रंगमंचावर पोहण्याचे आणि टेनिसचे कपडे घालून नाचू लागले. मला तर पहिल्या दिवशीच वाटलं, हे मला येतं. खांद्यावरून सोडलेलं कापड, त्यावर मणी, खाली झालर. ही तर झूलच झाली की!

तिथंच माझा घात झाला.

मुख्य नाचणारीचा, रोझाचा, फ्रॉक माझ्याकडे आला. पातळ जॉर्जेट, त्यावर चांदीच्या रंगाच्या नळीमण्यांच्या सरी. मी तो जीव ओतून शिवला. शेवटी काठ हातात धरला तर हलका लागला. पडद्याच्या खालच्या दुमडीत घालायची शिशाची बारीक साखळी कपाटात होती. कुणाला विचारावं असं मनातही आलं नाही. काठ जड पाहिजे, यात विचारायचं काय? साखळी घातली, वरून बारीक टाके घातले आणि खूश होऊन घरी गेले.

तालमीत रोझानं पहिली गिरकी घेतली आणि फ्रॉक तिच्या पायांना ओल्या पोत्यासारखा गुंडाळला. दुसऱ्या गिरकीला साखळी गुडघ्यावर बसली. ती थांबली, वाकली, गुडघा चोळू लागली. लाल वळ उठला होता. वाजंत्री थांबली. आमच्या शिवणघराची प्रमुख हेलन, शांत बाई आहे, तिनं काठ चाचपला आणि मला विचारलं, "हे कशासाठी घातलंस?"

"उडू नये म्हणून," मी म्हणाले.

कुणीतरी हसलं. हेलन हसली नाही. "शारदा, तो उडावा म्हणूनच तर आपण शिवतोय," ती म्हणाली आणि फ्रॉक दुसऱ्या बाईकडे द्यायला निघाली. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त राग आला, स्वतःचाच. एवढा प्रवास करून आले आणि हातात कात्री कुरुंद्याचीच चालत होती. मी फ्रॉक धरून ठेवला. म्हणाले, "चूक माझी आहे. मीच उसवते आणि मीच शिवते. रंगीत तालमीला नीट नसला तर मी स्वतः बॅग भरते." हट्टी आहे मी, घरी कुणालाही विचारा.

मग मी शिवण बाजूला ठेवलं आणि रोझाला नाचताना बघत तालमीच्या खोलीत जमिनीवर बसून राहिले. तिचा पाय कुठून उचलला जातो, गिरकीत कुल्ला आधी वळतो की खांदा, कापड कुठं अडतं. आजवर मी कपडा शिवताना उभी बाईच डोळ्यांसमोर धरली होती, चालणारी फार तर. नाचणारी कधीच नाही. साखळी काढली. काठावरचे मणी कमी करून वजन वर, कुल्ल्यावर नेलं. खाली उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या कापडाच्या, वर अरुंद अन् खाली रुंद अशा कळ्या सोडल्या, आणि झालरीची प्रत्येक सर वेगळी बांधली. बोटं सोलून निघाली, पण कुणाला हात लावू दिला नाही.

रंगीत तालमीत मी पडद्याच्या आड उभी होते. रोझानं गिरकी घेतली, फ्रॉक उचलला गेला आणि झालर चारी बाजूंनी पसरली. माझा हात आपोआप पुढं गेला, तो दाबून खाली करायला! मग मी तो हात मागं घेऊन पाठीशी धरला. रोझा फिरतच राहिली. मला फार आनंद झाला.

पहिल्या प्रयोगानंतर हेलननं सांगितलं, राहा. मी घरी व्हिडिओ कॉल लावला आणि शिवणघरातल्या टीव्हीवर त्या प्रयोगाचं चित्रण लावून रोझाचा नाच दाखवला. आबांनी मान फिरवली. "पोरीचे गुडघे दिसून राहिले."

"मंग गुडघे बघू नका, शिलाई बघा," माय म्हणाली आणि फोन ओढून डोळ्यांजवळ नेला. एकेक शिवण निरखत खाली काठापर्यंत आली. "काठात काय घातलं व्हय?"

"काहीच न्हाई."

"काहीच न्हाई?"

"न्हाई. तो उडायसाठीच हाय, माय."

आबांनी घसा खाकरला. "ठेवून घेतलं म्हणजे आता येत न्हाईस?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. गाडीत बसले तेव्हापासून घर म्हणजे माझ्यासाठी हरलं तर परतायची जागा होऊन बसली होती आणि त्यामुळं मला घराची आठवण काढायचीसुद्धा भीती वाटायची. ती भीती त्या क्षणी गेली. मी सरळ सांगितलं, "येते, आबा. पोळ्याला येते. राहायला न्हाई, भेटायला. स्थळाला न्हाई म्हणून कळवा."

आबांनी पुन्हा मान फिरवली. रागावले होते, आणि अजूनही थोडे आहेत. मायनं फोन स्वतःकडे वळवला.

"ये," ती म्हणाली. "अन् ह्या कळ्या कशा कापल्या ते मला शिकवून जा. गावातल्या पोरींचे परकर लई जड शिवले म्या."