टाकीतली अंबाडी

सकाळचे पाच वाजून वीस मिनिटे. भिवंडीजवळ दापोड्याच्या एका गोदामामागे, आग विझवायला पाणी साठवायच्या सिमेंटच्या उघड्या टाकीवर जिव्या ओणवा झाला आहे. हात खांद्यापर्यंत आत. पाणी वर गार, खाली कोमट. तळाशी दगडाखाली अंबाडीच्या काठ्यांच्या दोन पेंढ्या दाबलेल्या आहेत. एक काठी तो चिमटीत धरून चाचपतो. शेंड्याकडची साल बाहीसारखी सरकते. बुंध्याकडची अजून धरून आहे.

"उद्या," तो हळूच म्हणतो. ऐकायला कोणी नाही. दोन कंटेनर धुक्यात उभे आहेत आणि त्यांचे ड्रायव्हर झोपले आहेत.

जिव्या त्रेपन्न वर्षांचा. संध्याकाळी सात ते सकाळी सात त्याची राखणीची ड्युटी असते. दिवसा तो मागच्या खोलीत निजतो आणि आठवड्यातून एकदा वाडा रोडवरच्या आपल्या पाड्यावर जातो. तिथे भातशेतीच्या बांधावर त्याची बायको मंगळी दरवर्षी अंबाडी लावते. पाला भाजीला, बोंडं आमटीत आंबटाला, साल दोराला, सोललेल्या काठ्या चुलीला. त्यातले फेकायचे काही उरत नाही.

यंदा दोराची निकड आहे. मुलगी रोशनी भिवंडीच्या हॉस्पिटलात बाळंत झाली. उद्या संध्याकाळी ती लेकीला घेऊन पाड्यावर येईल. जिव्याच्या घरात रीत अशी, की मूल घरात पहिल्यांदा निजते ते झोळीत, आणि त्या झोळीचा दोर आईच्या बापाने वळलेला असतो. पहिली नीज एकदाच असते. दोर मागाहून आणला तर तो नुसता दोर.

अंबाडी पाण्यात कमी राहिली तर साल सुटत नाही, जास्त राहिली तर वाख, म्हणजे सालीतले धागे, कुजतो. रोज हात लावून बघावे लागते. पाड्याचा ओढा तीस किलोमीटरवर. टाकी वीस पावलांवर. टाकीतले पाणी कशासाठी असते हे जिव्याला माहीत होते. पण तीन वर्षांत आग लागली नव्हती, आणि पाणी ते पाणी.

पहाटे डोळा लागतो तेव्हा त्याला एक आवाज ऐकू येतो. कुर्र... कुर्र. आढ्यावर घासणारा दोर, खाली झोळीत एवढीशी रोशनी. गोदामाचे पत्रे विरघळतात, धूर दिसतो, मंगळी भाकरी थापत असते. मग एखादा ट्रक मागे येताना पिप-पिप करतो आणि पत्रे परत जागेवर येतात.

आठ वाजता सुपरवायझर धनेश नाक दाबून टाकीपाशी आला. गोदामाखालची जमीन त्याच्याच घराण्याची.

"जिव्या, कुत्रा मेलाय का आत?"

"न्हाय शेट. अंबाडी हाय."

"काय?"

"दोराला. नातीच्या झोळीला."

धनेशने पाण्यात वाकून पाहिले. "अरे, अकरा वाजता फायरवाले पंप बघायला येणारेत. पंपात तुझी अंबाडी अडकली तर मी काय उत्तर देऊ? काढ. आत्ताच्या आत्ता."

"उद्या सकाळपत्तूर ऱ्हाऊ द्या. बुंधा सुटला न्हाय."

"तू सुटशील, बुंधा राहील. काढ म्हणतो ना!"

जिव्याने पेंढ्या काढल्या. भिंतीआड बसून सोलायला घेतले. शेंड्याकडून साल निम्म्यापर्यंत अलगद येई आणि तिथे तुटे. बुंध्याची निम्मी तशीच काठीला चिकटलेली राहिली.

अकरा वाजता पंप चालू झाला, पाईपमधून काळसर पाणी उडाले. तपासणारा माणूस दोन पावले मागे सरला.

"पाण्याला वास कसला?"

"पाला पडतो झाडाचा," धनेश म्हणाला.

त्या माणसाने चारी बाजूंना पाहिले. पत्रे, काँक्रीट, कंटेनर. "कुठल्या झाडाचा?"

धनेशने पंपाच्या काट्याकडे बोट केले. शेवटी तो माणूस म्हणाला, "प्रेशर ठीक आहे. टाकी धुवून घ्या."

दुपारी जिव्या निजला नाही. वाख कुंपणाच्या तारेवर वाळत होता, उन्हात पांढरट, केसांसारखा. वाळला तसा त्याने एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवले आणि वळायला बसला. पीळ चढत गेला, डोळे जड झाले, हात चालूच राहिले. चार वाजता वाख संपला. दोर त्याने दोन्ही हात पसरून वावेने मापला. झोळीला लागतो त्याच्या निम्माच भरला.

मंगळीला फोन लावला. सगळे ऐकून ती म्हणाली, "टाकीत घातली? इथं वढा काय आटला व्हता?"

"वढा तुझ्या दारात. माझ्या दारात टाकी."

"मंग आता पोर काय निम्मी निजंल?"

जिव्याला हसू आले नाही. त्याने फोन ठेवला.

धनेशने येऊन तो तुकडा उचलला, ओढून पाहिला. "आमचा आजोबा पण वळायचा," एवढेच म्हणाला आणि आत गेला. येताना त्याने माल बांधायच्या निळ्या नायलॉन दोरीचे भेंडोळे आणले. "वरती हे बांध. खाली तुझा लाव, पोरीजवळ. दिसायलाही बरा."

जिव्याने दोन्ही दोऱ्या मांडीवर घेतल्या. डोळे मिटले. कुर्र... कुर्र. आवाज खालून येत नव्हता. तो वरून, आढ्यावरून येत होता.

"न्हाय शेट," तो म्हणाला. "माझा वरती. तुमचा खाली."

"खाली नायलॉन? लोक हसतील."

"हसू द्या. नायलॉन आढ्यावर मुका ऱ्हातो. पोर झोपंल कशानं?"

उजेड जायच्या आत त्याने दोघांची गाठ मारली. दोर भिंतीतल्या कडीला अडकवून, त्याला लोंबकळून गाठ पाहिली. सुटली नाही. दोर डब्याच्या पिशवीत ठेवला आणि सातला गेटवर जाऊन बसला.

शिफ्ट उद्या सकाळी सातला सुटते. त्याआधी टाकी रिकामी करून, घासून, पुन्हा भरायची आहे. ते काम जिव्याकडे आहे.