तात्यांचा तबला लागत नव्हता

तात्यांनी कधी कुणा विद्यार्थ्याला मार्क विचारले नाहीत. निकालाच्या दिवशीही दारातून आत येत ते एवढंच म्हणायचे, "जेवलीस का गं?" फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला हा माणूस साताऱ्यात आमच्या शेजारी राहायचा आणि गाण्याच्या परीक्षांना मुलांच्या साथीला तबला घेऊन जायचा. माझ्या मुलीला, ऋतुजाला, सा लावायला मी शिकवलं, मांडीवर घेऊन, तिचं बोट पेटीवर ठेवून. पण गाताना ती बघायची तात्यांकडे. ते मला पहिल्यापासून खुपायचं.

विशारदच्या परीक्षेला आम्ही तिघं एसटीनं सांगलीला निघालो. कराड येईपर्यंत मी तिच्याकडून ताना घोकून घेत होतो. शेवटी तात्या म्हणाले, "सर, वरातीत नवरीला सैपाक शिकवू नगा." ती खळखळून हसली. मला हसता आलं नाही.

परीक्षकांसमोर तिनं सुरुवात छान केली, पण अंतरा विसरली. तात्या ठेका धरून थांबले होते, तरी तिला समेवर येता येईना. नापास झाली. निकाल कळला त्या संध्याकाळी मी तिची समजूत काढायला गेलो. "होतं असं," म्हणालो, आणि तिथंच थांबायचं सोडून पुढं म्हणालो, "पण अंतरा पक्का कर, हे मी सांगत होतो." तिनं दार लावून घेतलं. गाणं संपल्यातच जमा झालं. यंत्राचा तंबोराही तिनं कपाटावर टाकला.

मग एका दुपारी तात्या तबला घेऊन आले. "जेवलीस का गं? भजनाला जायाचंय आणि तबला उतरलाय. जरा सा दे."

मी घाईनं उठलो, कपाटावरचं यंत्र काढलं आणि सुरू केलं.

"सर, त्या डब्याचा सूर मला ऐकू येत न्हाई," तात्या म्हणाले. "तोफांनी कान गेल्यात."

आमच्या स्वयंपाकघरात चहा उकळला की या माणसाला त्याच्या ओट्यावर ऐकू यायचं. पण मला यंत्र बंद करावं लागलं.

ऋतुजानं सा दिला. बारीक, नाराजीनं. तात्या हातोडीनं ठोकू लागले. "चढला की गं. दे परत. आता उतरला. लय हट्टी हाय ह्यो." तबला केव्हाच लागला होता, मला कळत होतं. ठोकता ठोकता ते सांगत होते, "भरती झालो तवा माझी पहिली गोळी टार्गेट सोडून डोंगराला लागली. उस्ताद म्हनला, शाबास, डोंगर मारलास! आता दुसरी घाल." ती हसली. पुन्हा सा लावला तो भरलेला होता, आणि त्याच 'सा'वरून ती आलापात शिरली.

मी दारात उभा होतो. ती गात होती, आणि तिनं थांबावं असं मला क्षणभर वाटलं. हे मी तिच्या आईलाही सांगितलेलं नाही.

ती पुन्हा परीक्षेला बसली. तेव्हा कॉलेजसाठी सांगलीला राहत होती. निकालाच्या दिवशी तिचा फोन आला, "बाबा, पास झाले! पहिला वर्ग!" मी कंदी पेढे घेऊन तात्यांकडे अक्षरशः पळालो. मला आधी कळलं होतं. तात्या आत बायकोकडं बघून ओरडले, "आगं, ऐकलंस का? पोरीनं पयला फोन बापालाच केला बग!" मग मला बसवून घेतलं आणि सगळं पुन्हा सांगायला लावलं. मी दुसऱ्यांदा जास्तच रंगवून सांगितलं.

गेल्या हिवाळ्यात तात्या गेले. त्यांच्या घरून परतताना ऋतुजा म्हणाली, "बाबा, एक सांगू? निकालादिवशी मी पहिला फोन त्यांना केला होता. त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. म्हणाले, 'मला काय बी सांगू नगंस. आदी बापाला सांग. त्यो फोन हातात धरून बसला आसंल.'"

मी तसाच बसलो होतो, सकाळपासून.