दोन बंदूकवाले आणि एक खोका

बहरीनमधल्या जुफैरच्या उंच बिल्डिंगांच्या पायाशी, सुरीनं मांस तासणारा एक शोरमावाला आणि एक लॉन्ड्री यांच्या चिमटीत माझं शिलाईचं दुकान आहे. जवळच परदेशी आरमाराचा तळ. तळावरच्या निम्म्या लोकांच्या पँट मी आखूड केल्यात, उरलेल्या निम्म्यांच्या सैल केल्यात. मी नसतो तर ते आरमार एका हातानं कंबर धरून समुद्रात गेलं असतं, आणि उरलेल्या हातानं काय लढणार? आखातातल्या शांततेत रायगडच्या एका शिंप्याचा वाटा आहे. हे कुणी सांगत नाही, म्हणून मलाच सांगावं लागतं.

तर माझी दोन गिऱ्हाइकं. दोघे अमेरिकेतल्या एकाच गावचे, शाळेपासूनचे दोस्त, तळावर कंत्राटी नोकरीला. एकाला मी उंच म्हणायचो, दुसऱ्याला रुंद. शिंप्याला माणसं अशीच लक्षात राहतात. शुक्रवारी दुपारी मी नमाजावरून येऊन शटर वर केलं, की हे आत. माझी बायको वरच्या मजल्यावरून चहा आणि घावनं पाठवायची. रुंद तर घावनं अशी खायचा की तवा जीव मुठीत धरून बसायचा.

दोघांना बंदुकीचं वेड. इथे बहरीनमध्ये ती बाळगायची सोय नव्हती, त्यामुळे विरहच विरह! माहेरी गेलेल्या बायकोबद्दल माणूस बोलणार नाही इतक्या हळवेपणानं ते घरी कपाटात ठेवलेल्या बंदुकांबद्दल बोलायचे. कुठली किती जड, कुठलीचा दस्ता हातात कसा बसतो. मी कात्री चालवत ऐकायचो आणि मधूनच ठोकून द्यायचो, "माझ्या आजोबांनी छऱ्याच्या बंदुकीनं खाडीत मगर मारली होती." मगर दर शुक्रवारी थोडी लांब व्हायची. दोघे माना डोलवायचे. असे श्रोते परत मिळणार नाहीत.

मग उंच रजेवर घरी गेला आणि परत आला तो लंगडत. तिथल्या एका दुकानाबाहेर कुत्र्याच्या खाण्याचं पोतं उचलून गाडीत टाकत असताना कमरेच्या म्यानातलं पिस्तूल आपोआप सुटलं होतं. गोळी मांडीत. तो हे सांगत होता तेव्हा रुंद चहात बघत होता. शेवटी म्हणाला, "ट्रिगरला तुझं काहीतरी लागलं असणार. पिस्तूल असं आपोआप सुटत नाही."

उंचनं कप खाली ठेवला. पँट आत घ्यायची होती म्हणून उभा राहिला. एरवी मी माप घेतो तेव्हा आकडा साऱ्या जुफैरला ऐकू जातो. त्या दिवशी टेप लावली, एक मांडी दुसरीपेक्षा केवढी वाळली होती ते पाहिलं आणि आकडा मनातच ठेवला.

त्यानंतर त्यांच्या राज्यात एक कायदा आला. म्हणजे येऊ घातला. बंदूक बनवणाऱ्या कंपनीला असल्या कारणासाठी कोर्टात खेचता येऊ नये, असा. मला वाटलं, चला, आता हे दोघे बंदुकीविरुद्ध एक होतील. पण तसं नव्हतं. दोघेही बंदुकीच्या बाजूचेच, आणि भांडत होते एकमेकांशी.

रुंद म्हणायचा, "दार किलकिलं केलंस की संपलं. ज्यांना बंदुकाच नकोत ते कंपन्यांवर खटल्यामागून खटले भरतील. कंपन्या बुडाल्या की आपला हक्क घेऊन काय चाटायचाय? खलास!"

उंच म्हणायचा, "आणि मी कोण? मी त्यांचाच माणूस ना? जन्मभर त्यांचा माल घेतला. टोस्टर पेटला तर टोस्टरवाल्याला जाब विचारता येतो. पिस्तूल मांडीत सुटलं तर बनवणाऱ्याला नाही? हक्क माझा आहे की कंपनीचा?"

"मास्टर, तूच सांग," रुंद माझ्याकडे वळला. "तुझ्या पँटची शिवण भर पार्टीत उसवली आणि गिऱ्हाइकानं तुला कोर्टात नेलं तर?"

"माझं कोर्ट वरच्या मजल्यावर घावनं करतं," मी म्हटलं. "तिथे अपील नाही."

हसले दोघे, पण पहिल्यासारखे नाही. मग माझ्यातला शहाणा जागा झाला. मला वाटलं, उंचच्या जखमेवर फुंकर घालावी. म्हटलं, "जाऊ दे रे. ती बंदूक मुळात वाईटच. टाकून दे सगळ्या, सुटलास."

दुकानात एसी होता त्यापेक्षा गार झालं. दोघे एकदम माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी त्यांच्या आईबद्दल काही बोललो.

"टाकून दे?" उंच म्हणाला. "माझ्या बापाची रायफल आहे त्यात."

"त्याच्या बापानं मला नेम धरायला शिकवलाय, मास्टर!" रुंद उसळला. "काय बोलतोयस तू?"

चहा निवेपर्यंत ते दोघे एका बाजूला आणि मी एका बाजूला. मला खरं तर बरंच वाटलं. म्हटलं, माझ्या मूर्खपणानं का होईना, जोडी जुळली. पण चहा संपला आणि पुन्हा कायदा निघाला.

पुढे रुंद त्या कायद्याच्या बाजूनं तिथल्या विधिमंडळाच्या कमिटीसमोर बोलला, इथूनच, कॉम्प्युटरवरून. घरबसल्या कुणालाही बोलता येतं म्हणे. त्यात तो असंही म्हणाला, की जे अपघात होतात ते बहुतेक हाताळणाऱ्याच्या चुकीनंच होतात. उंचनं ते ऐकलं. त्या शुक्रवारपासून दोघे वेगवेगळ्या वेळी यायला लागले. घावनं उरायला लागली. बायको काळजीत पडली, कारण घावनं उरणं आमच्या घरात आजारपणाचं लक्षण.

पायामुळे उंचची नोकरी गेली. येत्या आठवड्यात कायमचा घरी निघाला होता. शेवटची पँट घालून बघताना आरशातल्या मला म्हणाला, "कायदा होवो नाहीतर न होवो, मास्टर. पण त्यानं मला एकदाही विचारलं नाही, काय झालं ते. त्यानं ठरवूनच टाकलं. हे असं मनात घेऊन घरी जायचं जिवावर आलंय."

मी टाचण्या तोंडात धरल्या होत्या. बरं झालं. एरवी काहीतरी बोललो असतो.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "त्याचा खोका कुणी बांधला?"

आमच्या लोकांत आखात सोडून जाणाऱ्याला खोका असतोच. बॅगा कितीही असोत. पुठ्ठ्याचा, तुडुंब भरलेला, नायलॉनच्या दोरीनं आवळलेला. आणि तो बांधायला माणसं दोन लागतात. एकानं खोक्यावर गुडघा रोवायचा, दुसऱ्यानं दोरी ओढायची. जाणाऱ्यानं एकट्यानं खोका बांधावा, ही आमच्यात नामुष्की. मी म्हटलं, "अगं, तो अमेरिकन. त्याच्या चाकांच्या बॅगा आहेत."

"म्हणजे इतकी वर्षं राहून रिकाम्या हातानं धाडायचा? शोभतं का तुम्हाला?"

खोका भरला गेला. पलीकडच्या मुहर्रक बेटावरचा हलवा, खजूर, वाघाचं तोंड असलेलं ब्लँकेट, आणि ब्लँकेटच्या घड्यांत माझ्या बायकोचं लोणचं. दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर उंचला बोलावलं. रुंदला फोन केला, "पँट तयार आहे, आत्ता ये, नाहीतर विकून टाकतो." त्याच्या मापाची पँट घेणारा साऱ्या बहरीनमध्ये दुसरा नाही, पण तो आला.

दारात उंचला बघून तो वळणार, एवढ्यात मी पाठ धरून असा ओरडलो की शेजारचा शोरमावाला सुरी घेऊन धावत आला.

"पाठ गेली!" मी म्हटलं. "माझ्यानं गुडघा टेकवत नाही. खोका तर बांधायला हवा."

"अहो, पाठ कसली, भिंत आहे नुसती," खोका भरायला खाली आलेली बायको पुटपुटली, मराठीत, म्हणून निभावलं.

उंच म्हणाला, "मी टेकतो." त्यानं गुडघा उचलला. तो अर्ध्यावर गेला आणि तिथेच अडकला. चेहरा पांढरा पडला. ओठ मिटून त्यानं पुन्हा जोर लावला. रुंद बघत होता. इतके महिने त्यानं तो पाय नीट पाहिलाच नसावा. नजर चुकवणाऱ्याला कुठून दिसणार?

"सरक," रुंद म्हणाला आणि आपला अवजड गुडघा खोक्यावर रोवला. हलवा, खजूर, वाघ, सगळे एकदम कण्हले. उंचनं दोरी खालून घेतली. दोघांची डोकी जवळ आली.

खोक्याकडेच बघत रुंद म्हणाला, "हात कुठे होते तुझे?"

"पोत्याखाली."

"दोन्ही?"

"दोन्ही. पोतं छातीशी होतं. निम्मं तिथेच सांडलं. उरलेलं कुत्र्यानं दुसऱ्या दिवशी खाल्लं."

दोरी आवळली गेली. शोरमावाला सुरी घेऊन तसाच उभा. 

"म्हणजे ते आपोआपच सुटलं," रुंद म्हणाला.

"हो."

"मी हे तेव्हाच विचारायला हवं होतं."

उंचनं गाठ मारली, मग म्हणाला, "हो, हवं होतं." आणि दोरी सोडून तो हात रुंदच्या खांद्यावर ठेवला. खूप वेळ ठेवला. बायको म्हणाली, घावनं गार होतात, आणि डोळे पुसत वर गेली. मी डोळे पुसले नाहीत. शिंप्याच्या डोळ्यांत दोरे जातात, एवढंच.

दुसऱ्या दिवशी रुंदनंच त्याला एअरपोर्टला सोडलं. मी मागच्या सीटवर, मांडीवर खोका. मुहर्रकचा पूल लागला. मग रुंद म्हणाला, "हे बघ, कायदा तरीही हवाच. फक्त तुझ्यासारख्या केससाठी त्यात एक वाट ठेवावी."

"वाट ठेवलीस की तो कायदा कसला?"

"तुला मूळ मुद्दाच कळत नाही!"

"मला कळत नाही? मांडी माझी आहे!"

आवाज इतके चढले की पलीकडच्या टॅक्सीतली माणसं बघायला लागली. मी खोका घट्ट धरून बसलो आणि म्हटलं, भांडा बाबांनो, विमान चुकलं तरी चालेल.